वणवा विझला, पण मन अजून धुमसतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणवा विझला की बातम्या थांबतात, बंबाच्या गाड्या परत जातात आणि बाकीच्यांना वाटतं, चला सुटलो एकदाचे. मनाचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आमच्याकडे वणवा आला तेव्हा आमचं घर वाचलं, शेजारची चार गेली, आणि नंतरचं दीडेक वर्ष मी आधी मदत केंद्रावर आणि मग एका सपोर्ट ग्रुपमध्ये बसून जे प्रश्न ऐकले ते खाली देतेय, त्यातले निम्मे तर माझेच होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचं शेवटी डॉक्टरांनाच विचारायचं.

धोका टळून आठवडा झाला, आता सगळं सेफ आहे, मग मला आत्ता का रडू येतंय?

कारण आता वेळ मिळालाय. पळताना शरीर फक्त पळायचं बघतं, मुलं गाडीत बसली का, कागदपत्रं घेतली का, रस्ता चालू आहे का, एवढंच. रडायला तेव्हा फुरसत नसते. एकदा डोक्यावर छप्पर आलं, दोन वेळचं पोटात गेलं की मागे ढकललेलं सगळं एकदम अंगावर येतं. मी स्वतः बाराव्या दिवशी रडले आणि तेही एका हरवलेल्या चार्जरवरून. घरचे बघतच राहिले, अगं चार्जरसाठी एवढं? चार्जरसाठी नव्हतंच ते.

आणि ज्याला काहीच वाटत नाहीये त्याचं काय? मी दगड झालोय का?

नाही. बधिर होणं हीसुद्धा धक्क्याचीच एक तऱ्हा आहे. फ्यूज उडतो ना लोड जास्त झाल्यावर, तसंच काहीसं. बरेच जण सांगतात की आपण सगळं काचेपलीकडून बघतोय असं वाटत होतं, लोक गळ्यात पडून रडत होते आणि आपण मात्र त्यांच्या शर्टाचं बटण बघत होतो. बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, आपल्याच माणसांबद्दल काही वाटेनासं झालं, तर मात्र कुणाला तरी दाखवा.

किती दिवस चालणार हे? नॉर्मल काय आणि पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर लांबत जाणारा मानसिक आजार) काय?

सुरुवातीचे काही आठवडे दचकणं, झोप उडणं, तेच तेच दृश्य डोळ्यांसमोर येणं, भूक मरणं, कशावरही चिडणं, आत्ताच सांगितलेलं विसरणं, हे सगळं चालतंच. शरीराचा अलार्म वाजायचा थांबलेला नसतो इतकंच. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप शांत होतो.

डॉक्टर लोकांचा ढोबळ हिशोब असा की घटनेनंतर ३ दिवस ते १ महिना या काळात त्रास फार तीव्र असेल तर त्याला अॅक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, आणि महिना उलटून गेल्यावरही तो चालूच राहिला तर पीटीएसडी आहे का ते तपासतात. तपासताना चार गोष्टी बघतात. प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी परत परत जगल्यासारखा होतो का, त्याची आठवण करून देणारी ठिकाणं, माणसं, विषय टाळले जातात का, स्वतःबद्दल आणि जगाबद्दल मन काळवंडलंय का, आणि शरीर सतत सावध असतं का. आणि या सगळ्यामुळे रोजचं काम, नाती अडतायत का, हे महत्त्वाचं. शिवाय वणव्यानंतर फक्त पीटीएसडीच होतो असं नाही, डिप्रेशन येतं, अँक्झायटी येते, दारू वाढते, आणि कधीकधी हे सगळे हातात हात घालून येतात.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला, ज्याला ब्लॅक सॅटर्डे म्हणतात, १७३ माणसं गेली आणि दोन हजारांहून जास्त घरं जळाली. तिथल्या लोकांचा मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. बहुतेक लोक सावरले, पण जिथे सगळ्यात जास्त जळालं तिथल्या बऱ्याच जणांचा त्रास काही वर्षांनंतरही चालू होता. म्हणजे दोन्ही खरं, तुम्ही सावराल याची शक्यता चांगली आहे आणि जर दोन वर्षांनीही सावरला नसाल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

महिना पूर्ण व्हायची वाट मात्र बघत बसू नका. जेवण-झोप पूर्ण बंद झाली असेल, मुलांकडे लक्ष देणं जमत नसेल, जीव नकोसा झाला असेल तर आजच बोला.

कुठेही धूर दिसला, साधा जळका वास आला तरी छातीत धस्स होतं. वेड लागतंय का मला?

वासाचं गणितच वेगळं आहे. डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका जंक्शनवर जातं आणि मग पुढे, वासाची वायर मात्र भीती आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाला जवळजवळ थेट जोडलेली असते. त्यामुळे विचार करायच्या आतच हातपाय गार पडलेले असतात. शेजारी कुणी पालापाचोळा पेटवला, वारा जोरात सुटला, वरून हेलिकॉप्टर गेलं, संध्याकाळी आभाळ जास्तच केशरी झालं, ही सगळी ट्रिगर असू शकतात.

अशा वेळी दोन गोष्टी करा. पहिली, खरंच धोका आहे का ते एकदाच बघा, खिडकीतून किंवा सरकारी अलर्टवर, दहा वेळा नाही. दुसरी, शरीराला ‘आत्ता’मध्ये आणा. पाय जमिनीवर घट्ट रोवा आणि मोठ्यानं बोला, आज अमुक वार आहे, मी अमुक ठिकाणी आहे, हा धूर त्या दिवसाचा नाही. दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्श करता येतील अशा चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव अशी मोजणी पुष्कळांना उपयोगी पडते. मला त्यातल्या वासांनीच घोळ व्हायचा म्हणून मी ती पायरी गाळायचे आणि सरळ थंड पाण्याखाली मनगटं धरायचे. श्वास घेताना बाहेर सोडायचा वेळ आत घेण्यापेक्षा जास्त ठेवा, चार मोजून आत आणि सहा-सात मोजून बाहेर. लगेच जादू होत नाही, पण तीनचार मिनिटांत फरक पडतो.

रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. लागला तरी आगीचीच स्वप्नं.

रात्री लोळ बघितलेल्यांना झोपायचीच भीती वाटते, कारण झोपलो तर कळणार कसं? त्यामुळे ‘मोबाईल बाजूला ठेवा’ वगैरे नेहमीचे सल्ले इथे पुरत नाहीत, आधी सुरक्षित वाटलं पाहिजे. अलर्ट मोठ्या आवाजावर ठेवा, स्मोक अलार्म तपासा, एक बॅग भरून दाराशी ठेवा, घरातल्यांनी पाळी लावून जागायचं असेल तर सुरुवातीचे दिवस तसंही करा. एका बाईंनी सांगितलं की बूट पलंगाशेजारी सरळ ठेवले की त्यांना झोप लागते. ठेवा की, कुणाचं काय जातंय.

तेच स्वप्न रोज पडत असेल तर थेरपिस्टकडे त्यासाठी वेगळी पद्धत असते. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज काही मिनिटं तो नवा शेवट मनात चालवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो पण याचा उपयोग होतो. दारूचा पेग घेऊन झोपणं मात्र टाळा, झोप लवकर लागते आणि पहाटे तीनला दुप्पट वाईट अवस्थेत उठवते.

आमचं घर वाचलं, शेजाऱ्यांचं गेलं. त्रास मला होतोय पण तो सांगायचा मला काय हक्क?

हा माझा प्रश्न. आणि माझं ठाम मत आहे की दुःखाला कट-ऑफ लिस्ट लावणं हा सगळ्यात मोठा घोळ आहे. ज्याचं घर वाचलं तो म्हणतो माझं काय एवढं, ज्याचं घर गेलं तो म्हणतो निदान माणसं तरी वाचली, ज्याचं माणूस गेलं तो म्हणतो दुसऱ्या घरातली तर दोन गेली. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मदत मागायला कुणीच जात नाही.

मी चार महिने कुणालाच काही बोलले नाही. काळवंडलेल्या चार जोत्यांच्या मधोमध आमचं घर जसंच्या तसं उभं, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा तसेच, फक्त राखेनं करडे झालेले. ते कपडे धुताना मला लाज वाटायची. पुढे काउन्सेलरनं विचारलं, तुमचं घर जळलं असतं तर त्यांचं वाचलं असतं का? नसतं. आग वाऱ्यावर आणि ठिणग्यांवर चालते, कुणाच्या लायकीवर नाही. हे डोक्याला कळायला एक मिनिट लागलं आणि पोटात उतरायला वर्ष. तुम्ही जीव मुठीत घेऊन पळालात, परत काय दिसणार ते माहीत नसताना दिवस काढलेत, ओळखीचा अख्खा परिसर गमावलात. त्रास व्हायला एवढं पुरतं.

घर उरलं नाही तरी आमच्या काकू घराची किल्ली पर्समध्ये ठेवतात. काळजी करू का?

नका करू. शेजारच्या काकूंची किल्ली मी बघितली आहे, पितळी, कडेला झिजलेली, अजूनही त्याच लाल दोऱ्यात. कुलूप वितळलं, दार नाही, भिंत नाही. त्या बोलता बोलता ती चाचपून बघतात आणि परत ठेवतात. माणूस गेलं की लोक भेटायला येतात, घर गेलं की फॉर्म येतात, म्हणून घराचं दुःख करायला जागाच मिळत नाही. मग ती जागा किल्लीत सापडते. कुणी त्यांना ‘टाका ती आता’ म्हणालं तर त्याला बाजूला घेऊन समजावा.

इन्शुरन्सच्या क्लेमसाठी जळालेल्या वस्तूंची यादी करायची आहे आणि ती करताना मी कोसळतेय. हे फक्त मलाच होतं का?

अजिबात नाही, पण याबद्दल फार कमी बोललं जातं. एका माणसाला रोज बसवून सांगायचं की तुझं जे जे गेलं ते आठव, किती जुनं होतं ते लिही आणि त्याची किंमत टाक. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच. मोठ्या वस्तूंना काही होत नाही हो, फ्रिज, टीव्ही, कपाट, पटापट लिहून होतं. मग तुम्ही कपाटाच्या खालच्या कप्प्यापाशी पोचता आणि आठवतं की तिथे मुलीचे पहिले बूट होते, एकच उरलेला, दुसरा कधीचा हरवलेला. कॉलम विचारतो, नग किती? एक. किंमत?

आमच्या ग्रुपमध्ये जे चाललं ते सांगते. एकट्यानं करायचं नाही, तुम्ही बोला आणि दुसऱ्यानं टाईप करायचं, शक्यतो ज्याचा त्या घरात जीव अडकलेला नाही अशानं. एका दिवशी एकच खोली, वीस-पंचवीस मिनिटांचा टायमर, वाजला की उठायचं, मग वाक्य अर्धं असलं तरी. फोनमधले जुने फोटो, वाढदिवसाचे व्हिडिओ यांच्या मागच्या भिंतीवर, शेल्फवर बरंच काही दिसतं, पण हे फोटो बघायचं काम आधी दुसऱ्याला द्या. झोपायच्या आधी यादी उघडायची नाही. आणि एक दुसरी वही करायची, जिला किंमतीचा कॉलमच नाही. त्यात तो बूट लिहायचा. ही वही कुणाला पाठवायची नसते.

सुरुवातीला आम्ही खूप खंबीर होतो. आता चौथा महिना आहे आणि हालत जास्तच खराब आहे. उलटं का होतंय?

उलटं नाही, बहुतेकदा असंच होतं. आपत्तीनंतरच्या मनःस्थितीचे टप्पे अभ्यासकांनी मांडलेत. आधी सगळे धावून जातात, जिवाची पर्वा न करता. मग काही आठवडे एक प्रकारचं भारलेपण असतं, सगळे एकत्र, मदतीचा पूर, आपण पुन्हा उभे राहू. मग ते ओसरतं. स्वयंसेवक जातात, कॅमेरे जातात, फाइल अडकते, भाडं वाढतं, नातेवाईकांकडे राहून राहून दोन्हीकडचे वैतागतात, आणि ज्यांनी खांद्याला खांदा लावला तेच एकमेकांवर संशय घेतात की त्याला जास्त मिळालं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते अक्षरशः. ही उतरण महिनोन्‌महिने चालू शकते, आणि सावरणं नंतर चढउतार करतच येतं.

माहीत असलं तरी ते टळत नाही, पण ‘मीच कमजोर’ हा किडा कमी वळवळतो. आणि मदत करणाऱ्यांनो, पहिल्या आठवड्यात पन्नास जणांचे फोन येतात, चौथ्या महिन्यात एकाचाही नाही. तुम्ही चौथ्या महिन्यात करा.

सगळं बोलून मोकळं झालंच पाहिजे का? मला त्याबद्दल बोलायचंच नाहीये.

मग बोलू नका. घटना घडल्या घडल्या लोकांना गोल करून बसवायचं आणि प्रत्येकाकडून काय बघितलं, काय वाटलं ते वदवून घ्यायचं, ही पद्धत एके काळी खूप चालायची. नंतर अभ्यासातून दिसलं की अशा एका बैठकीनं पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती वापरू नका असंच सांगते. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार करतात, २०११ मध्ये संघटनेनं त्याची मार्गदर्शिका काढली, आणि तिचं सार तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का बघायचं, बोलेल तेवढंच ऐकायचं, आणि त्याला लागेल त्या मदतीशी जोडून द्यायचं.

फक्त ‘आत्ता बोलायचं नाही’ आणि ‘त्या दिवसाशी संबंध येईल असं काहीच करायचं नाही, त्या रस्त्यानं जायचंच नाही’ यात फरक आहे. दुसरं महिनोन्‌महिने चाललं तर जग लहान लहान होत जातं, तेव्हा मदत घ्या.

मुलांना काय आणि किती सांगायचं?

खरं सांगायचं, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. ‘काही नाही झालं’ असं म्हणू नका, त्यांनी तुमचा चेहरा बघितलेला असतो. लहानग्याला ‘आपलं घर जळलं, आपण सगळे इथे आहोत, आज रात्री आपण इथे झोपणार’ एवढं पुरतं. तो तोच प्रश्न वीस वेळा विचारेल, वीस वेळा तेच उत्तर द्या, त्याला माहिती नको असते, उत्तर बदललं नाही ना ते बघायचं असतं.

सुटलेल्या सवयी परत येतात, पाच वर्षांचं मूल पुन्हा गादी ओली करतं, अंगठा चोखतं, आईला बाथरूमलाही सोडत नाही. रागावू नका, काही आठवड्यांत बहुधा जातं. खेळातही आग येते. आमच्या केंद्रावर एक पोरगा ठोकळ्यांची घरं बांधायचा, लाल कापड टाकून ‘पेटलं पेटलं’ ओरडायचा आणि सगळं पाडायचा, दिवसातून दहादा. त्याचे बाबा अस्वस्थ व्हायचे. तिथल्या ताईंनी बाबांना बंब चालवायला बसवलं. काही दिवसांनी ठोकळ्यातली माणसं आगीआधीच बाहेर पडायला लागली. खेळ असा पुढे सरकला तर छान, तोच खेळ तसाच रडवेल्या चेहऱ्यानं महिनाभर चालला तर दाखवून घ्या.

मोठी मुलं फसवतात. ती मदत करतात, जबाबदार होतात, काही बोलत नाहीत, आणि आपण म्हणतो किती समजूतदार. कॅनडात २०१६ मध्ये फोर्ट मॅकमरे शहरातून वणव्यामुळे ८८ हजारांच्या आसपास लोक हलवले गेले होते, तिथल्या शाळकरी मुलांना दीड वर्षानंतर तपासलं तर डिप्रेशनची लक्षणं दुसऱ्या शहरातल्या मुलांपेक्षा जास्त होती. दीड वर्षानंतर! तेव्हा टीनएजरची झोप, मार्क, मित्र, चिडचिड यावर बराच काळ नजर ठेवा, आणि गाडीत शेजारी बसून बोला, समोरासमोर बसवून नाही. शाळा लवकर सुरू झालेली चांगली, ठरलेली वेळ आणि ओळखीचे चेहरे मिळतात.

आजी-आजोबांचं?

ते म्हणतात आमचं काय राहिलंय आता, आणि आपण ते खरं मानतो. चाळीस-पन्नास वर्षांचं घर, जोडीदाराचा एकमेव फोटो, परत उभं करायला पुढे वेळ कमी, हे जड असतं. त्यांच्या गोळ्या, चष्मा, कानाचं मशीन आधी मिळवून द्या, ऐकू न येणारा माणूस गर्दीत बसूनही एकटाच. विसराळूपणा असलेल्यांचा जागा बदलल्यामुळे गोंधळ खूप वाढतो, अचानक जास्तच वाढला तर डॉक्टरांना दाखवा.

नवरा काही बोलत नाही, नुसता चिडतो आणि पिणं वाढलंय.

पुष्कळ पुरुषांचं दुःख रागाच्या कपड्यात येतं. ‘तुला काउन्सेलिंगची गरज आहे’ म्हटलं तर दार आपटून जातील, ‘तुम्हाला झोप लागत नाहीये, त्यासाठी डॉक्टरकडे जाऊन येऊ’ म्हटलं तर कदाचित येतील. हाताला काम देणारा ग्रुप, ढिगारा उपसायचा, कुंपण बांधायचं, तिथे ते जास्त बोलतात. अग्निशमनवाल्यांच्या घरीही हेच, तिथे तर ‘आम्हाला सवय आहे’ हे अजून एक कुलूप.

पण एक गोष्ट स्पष्ट लिहिते. हात उगारला तर ते दुःख नाही, मारहाण आहे. मोठ्या आपत्तींनंतर घरातली हिंसा वाढते हे ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनंतर संशोधकांनी नोंदवलंय, आणि ‘त्यानं किती सोसलंय’ म्हणून बायकांना गप्प बसवलं जातं हेही. गप्प बसू नका. आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा.

सतत बातम्या आणि व्हिडिओ बघितले जातात, थांबवता येत नाही.

सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, अधिकृत अलर्ट तेवढे चालू. तीच आग फॉरवर्डमधून चाळीसदा बघणं म्हणजे मेंदूसाठी चाळीस आगी.

जळालेली जागा बघायला जावं की नको?

जायचं असेल तर जा, नसेल तर आत्ता जाऊ नका, दोन्ही चालतं. जाणार असाल तर प्रशासनानं परवानगी दिल्यावरच, आणि एन९५ मास्क, हातमोजे, जाड बूट घालून, कारण घराच्या राखेत शिसं, अॅस्बेस्टॉस असं बरंच काही असू शकतं. मुलांना पहिल्या फेरीत नेऊ नका. सोबत एक माणूस असा न्या जो गप्प बसू शकतो. जाण्याआधी कुणाला तरी ताजा फोटो काढून पाठवायला सांगा म्हणजे पहिला धक्का बसल्या जागी बसतो. आणि तिथून निघाल्यावर लगेच कामावर, ऑफिसात जाऊ नका, तो दिवस मोकळा ठेवा.

घर ठीक आहे, पण तो डोंगर, ती झाडं गेली याचंच जास्त वाईट वाटतं. असं कुणाला सांगितलं तर हसतील.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी यासाठी सोलास्टाल्जिया असा शब्दच बनवला, म्हणजे आपण घरीच आहोत पण भोवतालचं घरपण गेलंय, त्याची कळ. रोज ज्या झाडाखालून गेलात ते कोळसा झालेलं बघणं हे नुकसानच आहे. पाळीव जनावर गेलं असेल तर तेही. ‘कुत्राच तर होता’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नाही.

काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट, कुणाकडे जाऊ? आणि तिथे करतात काय?

सायकियाट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि थेरपी करतात. काउन्सेलर बोलून आधार देतात, मार्ग काढायला मदत करतात. सुरुवात कुठूनही करा, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासूनही चालेल. फक्त पहिल्याच फोनवर विचारा, तुम्ही ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या मोठ्या आघातावर, काम केलंय का, कुठली पद्धत वापरता?

पीटीएसडीसाठी पारखलेल्या काही पद्धती आहेत. ट्रॉमावर बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्यावर काम करणारी बोलण्याची थेरपी, तिच्यातलीच एक सीपीटी, जी साधारण १२ सेशनची असते आणि ‘माझीच चूक होती’ सारखे अडकलेले विचार तपासते. प्रोलाँग्ड एक्सपोजर, ज्यात टाळलेल्या आठवणींकडे आणि जागांकडे बेताबेतानं परत जातात. ईएमडीआर, ज्यात प्रसंग आठवताना थेरपिस्टच्या बोटांमागे डोळे फिरवायचे असतात, दिसायला विचित्र पण मान्यताप्राप्त. मुलांसाठी वेगळी सीबीटी असते, तिच्यात आईबाबांनाही सामील करतात. दोनतीन सेशनमध्ये आधी जास्त ढवळल्यासारखं होऊ शकतं, तसं थेरपिस्टला सांगा, पळून जाऊ नका. पण माणूसच पटला नाही तर दुसरा शोधा, मलाही दुसरीच लागू पडली.

गोळ्या घेतल्या की सवय लागते ना?

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. सर्ट्रालिनसारखी डिप्रेशनची औषधं पीटीएसडीतही देतात, त्यांची नशा किंवा चटक लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू करायची. ज्यांची सवय लागते त्या लगेच शांत करणाऱ्या, झोपेच्या बऱ्याच गोळ्या. त्या पीटीएसडीसाठी नेहमीचा उपाय नाहीत. तेव्हा दुसऱ्याच्या डब्यातली ‘अर्धी घेऊन बघ’ नको.

परवडत नाही, किंवा वेटिंग लिस्ट तीन महिन्यांची आहे. तोवर काय?

मदत केंद्रावरच विचारा, आपत्तीनंतर काही काळ मोफत काउन्सेलिंग बऱ्याच ठिकाणी असतं पण ते शोधून घ्यावं लागतं. वेटिंगवर नाव घालाच, कॅन्सलेशन झालं तर कळवा म्हणा. तोवर सपोर्ट ग्रुप. ब्लॅक सॅटर्डेनंतरच्या त्या अभ्यासातही स्थानिक गटांमध्ये जाणाऱ्यांची मनःस्थिती तुलनेनं बरी दिसली, भजनी मंडळ असो नाहीतर क्रिकेट, गट कसला याला फार महत्त्व नाही, अति सहभाग मात्र दमवतो. बाकी रोज ठरलेल्या वेळी उठणं, थोडं चालणं (हवा धुरकट नसेल तर), आणि दिवसातून एक काम पूर्ण करणं. एकच.

जवळच्या माणसाशी काय बोलावं कळत नाही.

‘निदान जीव तरी वाचला’, ‘वस्तू काय परत घेता येतात’, ‘मला कळतंय तुला काय वाटतंय’, ही तीन वाक्यं गिळून टाका. ‘काही लागलं तर सांग’ हेही, कारण कुणी सांगत नाही. ‘मंगळवारी संध्याकाळी मुलांना मी सांभाळते, तू तुझी कामं उरक’ असं ठोस बोला. आणि गप्प बसता येणं ही मोठी कला आहे.

मरावंसं वाटतं असं कुणी म्हणालं तर? किंवा मलाच वाटत असेल तर?

सरळ विचारा, ‘जीव द्यायचे विचार येतायत का?’ विचारल्यानं डोक्यात भरवलं जात नाही, बहुतेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, औषधं, विषारी किंवा घातक वस्तू लांब ठेवा, आणि लगेच मदत बोलवा, इमर्जन्सी असेल तर थेट हॉस्पिटल. तुम्हालाच वाटत असेल तर एका माणसाला आत्ता सांगा, नीट शब्दांत सांगता आलं नाही तरी.

हेल्पलाइनचे नंबर असे: भारतात सरकारची टेली-मानस १४४१६, मोफत, चोवीस तास आणि मराठीतही. अमेरिकेत ९८८, आणि खास आपत्तीनंतरच्या त्रासासाठी १-८००-९८५-५९९०. कॅनडातही ९८८. ऑस्ट्रेलियात लाइफलाइन १३ ११ १४. ब्रिटनमध्ये समॅरिटन्स ११६ १२३.

वर्ष होत आलं, बरी होते, आणि आता परत सुरू झालं.

तारीख शरीराला लक्षात असते, आणि त्यात पुन्हा तोच मोसम, तेच कोरडं वारं. याला वर्षश्राद्धाची हुरहुर म्हणा हवं तर. तो दिवस आधीच ठरवून टाका, कुणासोबत, कुठे, काय करायचं. आमच्यातले काही जण त्या दिवशी एकत्र जमतात, काही जण मुद्दाम गावाला जातात. मी गेल्या वेळी घराच्या कडेचं वाळलेलं गवत काढलं, गटारीतली पानं साफ केली, बॅग नव्यानं भरली. हाताशी काम होतं म्हणून दिवस गेला. दोनचार आठवड्यांत ओसरलं नाही तर थेरपिस्टला परत एक फोन, एखाद-दुसऱ्या सेशनमध्ये भागतंही.

हेल्पलाइनला फोन लावला आणि मी काही बोललेच नाही, कट केला. काय बोलायचं असतं?

मीही दोनदा कट केला होता. तिसऱ्यांदा कागदावर लिहून ठेवलेलं वाचलं, तेच देते, हवं तर असंच वाचा: ‘आमच्याकडे वणवा आला होता. मला झोप लागत नाही. कुठून सुरू करू कळत नाहीये.’ पुढचा प्रश्न तिकडून येतो.